कागदाचे विमान आणि कारागिराचे हात

मराठीत काम न करता नुसता कागदोपत्री देखावा करणाऱ्याबद्दल आपण म्हणतो, तो कागदी घोडे नाचवतोय. उर्दूत फार काळ न टिकणाऱ्या गोष्टीला ‘कागज की नाव’ म्हणतात. मी शाळेत उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे हे दोन्ही वाक्प्रचार दरवर्षी फळ्यावर येतात. कागद हा शब्द मराठीला फारसीकडून मिळाला. शब्द आला, वस्तू आली, पण दोन्ही भाषांत तिच्या वाट्याला आदर मात्र कमीच आला.

मला हे थोडे खटकते, कारण गेली बारा-तेरा वर्षे मी कागदाची विमाने आणि अंतराळयाने तयार करतो. घडी घालून वर्गात उडवतात ती विमाने नव्हेत. छापील तक्त्यावरचे लहान-मोठे भाग कापायचे, रेषेवर मोडायचे, गोंदाने चिकटवायचे आणि त्यातून खऱ्या विमानाची प्रमाणबद्ध प्रतिकृती उभी करायची, असा हा छंद आहे. शिक्षकांच्या खोलीतील कपाटावर माझे व्हॉयेजर आणि अपोलोचे चांद्रयान ठेवलेले आहे. पाहणारे कौतुक करतात आणि बहुतेक जण एक वाक्य जोडतात, “सर, छान आहे, पण हे पोरांचे काम.”

या वाक्यात दोन गैरसमज आहेत. एक कागदाविषयीचा, दुसरा हाताच्या कामाविषयीचा. पहिला इतिहासाने दूर होतो. दुसरा आपल्या समाजाच्या घरातला आहे, म्हणून तो जास्त अवघड आहे.

उडण्याची सुरुवात कागदापासून

फ्रान्समधील आनोने या गावात मोंगोल्फिए नावाचे घराणे होते. त्यांचा धंदा कागद बनवण्याचा. या घरातील जोसेफ आणि एतिएन या दोन भावांनी ४ जून १७८३ रोजी गरम हवेचा फुगा लोकांसमोर आकाशात सोडला. फुगा जाड कापडाचा होता, आतून पातळ कागदाचे थर लावलेले होते आणि त्याचे तुकडे बटणांनी एकमेकांना जोडले होते. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये त्यांच्या फुग्यातून दोन माणसे वर गेली. दोरीने न बांधलेल्या फुग्यातून माणसाने केलेला हा पहिला प्रवास. कागदवाल्यांच्या मुलांना कागदाची ताकद माहीत होती. हलका, हवा अडवून धरणारा आणि हवा तसा कापता येणारा पदार्थ त्यांच्या घरातच होता.

या घराण्याविषयी अशी दंतकथा सांगतात की त्यांचा एक पूर्वज क्रूसेडच्या काळात कैद होऊन दमिश्कमध्ये राहिला आणि तिथे कागद बनवायला शिकला. ही दंतकथाच समजावी, तिला पुरावा नाही. पण कागदाची वाट मात्र खरोखरच तशी होती. चीनमधून समरकंद, समरकंदहून बगदाद, पुढे दमिश्क, मगरिब, अंदलुस आणि मग ख्रिस्ती युरोप. ही विद्या युरोपला मुस्लिम कारागिरांच्या हातून मिळाली, हे सांगायला दंतकथेची गरज नाही.

पुढचे नाव आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाचे. १८७१ मध्ये त्याने पॅरिसच्या त्विलरी बागेत पीळ दिलेल्या रबरावर चालणारे एक छोटे विमान उडवले. ते सुमारे ११ सेकंद हवेत राहिले आणि ४० मीटर गेले. त्याचे खरे महत्त्व शेपटीत होते. मागचा लहान पंख किंचित कलता ठेवला की विमान आपोआप तोल सांभाळते, हे त्याने करून दाखवले. रबरावर फिरत वर जाणारे एक खेळणेही त्याने तयार केले होते. त्याच पद्धतीचे बूच, बांबू आणि कागद यांचे खेळणे १८७८ मध्ये अमेरिकेतील एका पाद्र्याने आपल्या मुलांसाठी घरी आणले. मुलांची नावे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. खेळणे मोडल्यावर त्यांनी स्वतः तसेच दुसरे बनवले.

एकवीस वर्षांनी, १८९९ मध्ये, विल्बर आपल्या सायकलच्या दुकानात उभा होता. हातात सायकलच्या ट्यूबचा पुठ्ठ्याचा रिकामा खोका होता. बोलता बोलता त्याने खोक्याची दोन टोके उलट दिशांना पिळली आणि विमानाचे पंख असे पिळले तर हवेत तोल सांभाळता येईल, हे त्याला दिसले. चार वर्षांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, राइट बंधूंचे विमान १२ सेकंद उडाले. त्यांच्या यशामागे इतर अनेक गोष्टी होत्या, पण तोल सांभाळण्याची किल्ली एका पुठ्ठ्याच्या खोक्यात सापडली होती.

सपाट कागदातून उभे यंत्र

प्रतिकृतीचे छापील तक्ते याच शतकात घरोघरी पोहोचले. फ्रान्समध्ये एपिनाल येथे पेलरँ यांचा चित्रछपाईचा कारखाना १७९६ पासून होता. जर्मनीत एसलिंगेन येथे श्रायबर यांची प्रकाशनसंस्था १८३१ मध्ये सुरू झाली. शिळाछापाने रंगीत छपाई स्वस्त झाली आणि किल्ले, चर्च, जहाजे, पुढे विमाने असे कापून जोडायचे तक्ते गरिबाच्या मुलालाही परवडू लागले.

या तक्त्यात खरी विद्या असते ती भूमितीची. नळकांडे उलगडले की आयत मिळतो. शंकू उलगडला की वर्तुळाची एक फाक मिळते. विमानाचे नाक, रॉकेटचे टोक, इंजिनाची नळी हे सगळे या दोन आकारांतून साधते. गोल मात्र सपाट होत नाही. संत्र्याची साल टेबलावर दाबली की ती फाटते, म्हणून कागदात गोल करायचा तर फाकी जोडून जवळपास गोल करावा लागतो. गोल आकाश सपाट पृष्ठावर कसे उतरवायचे, यावर अल-बिरूनीने एक हजार वर्षांपूर्वी लिहिले होते. नवा तक्ता उघडला की मला दरवेळी त्याची आठवण होते.

टंचाईत वाढलेला छंद

हा छंद सुबत्तेत वाढलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये धातू युद्धसामग्रीकडे वळला आणि पत्र्याची खेळणी बनणे थांबले. त्या काळात, १९४१ मध्ये, जेफ्री हेवे या गृहस्थाने ‘मायक्रोमॉडेल्स’ नावाने पोस्टकार्डाएवढे छापील तक्ते विकायला सुरुवात केली. विमाने, जहाजे, आगगाडीची इंजिने, प्रसिद्ध इमारती, सगळे तळहातावर मावेल एवढे. सगळा कारखाना सिगारच्या एका डबीत मावतो, अशी त्याची जाहिरात होती. कात्री, ब्लेड, चिमटा आणि गोंद, एवढेच लागत असे.

अमेरिकेत १९४४ मध्ये ‘व्हीटीज’ या नाश्त्याच्या पदार्थाच्या कंपनीने खोक्याची झाकणे पाठवणाऱ्या मुलांना कागदी लढाऊ विमाने दिली. त्यांचा आराखडा वॉलिस रिग्बी या ब्रिटिश कलाकाराचा होता. ती खरोखर उडत. नाकात एक सेंटचे नाणे बसवले की तोल साधायचा. आपल्या बाजूची आणि शत्रूची, दोन्ही विमाने त्यात होती. म्हणजे मुलांच्या हातात कागद देताना युद्धही दिले जात होते, हे विसरू नये.

युद्धानंतरचा पोलंड उद्ध्वस्त होता. वॉर्सा शहर तर जवळजवळ जमीनदोस्त झाले होते. तिथे १९५७ मध्ये ‘मावी मोडेलाश’ म्हणजे ‘छोटा प्रतिकृतीकार’ हे मासिक सुरू झाले. प्रत्येक अंकात एक पूर्ण प्रतिकृती असे. विमानांचे प्रमाण बहुधा १:३३ ठेवलेले असे. म्हणजे खऱ्या विमानाचे ३३ सेंटीमीटर, कागदावर एक. त्याच वर्षी चेकोस्लोव्हाकियात ‘आबेत्से’ हे मुलांचे विज्ञान-मासिक निघाले, त्यातही कापून जोडायचे तक्ते येत. रिखार्द व्हिश्कोव्स्की या वास्तुरचनाकाराने त्यात किल्ले आणि जुन्या इमारती इतक्या बारकाईने उतरवल्या की मुलांनी आपल्या देशाची वास्तुकला बोटांनी शिकून घेतली.

पोलंडचे मासिक सैन्याशी जवळीक असलेल्या संघटनेचे होते, त्यात रणगाडे आणि बाँबफेकी विमाने भरपूर असत. सरकारचा हेतू उघड होता. पण प्लास्टिकची परदेशी खेळणी न मिळणाऱ्या या देशांत दोन-तीन पिढ्या कागदावर वाढल्या आणि जगातले उत्तम कागदी प्रतिकृतीकार आजही तिथलेच मानले जातात. ज्या वस्तूची कमतरता होती तिच्या जागी त्यांनी कौशल्य ठेवले.

चंद्रावरचे यान, पेट्रोल पंपावर

जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ चंद्राकडे निघाले. त्या वर्षी अमेरिकेत ‘गल्फ ऑइल’च्या पेट्रोल पंपांवर गिऱ्हाइकांना चांद्रयानाचा कागदी तक्ता फुकट मिळत असे. गाडीत पेट्रोल भरायचे, घरी जायचे आणि टीव्हीवर यान उतरताना मुलांनी टेबलावर तेच यान जोडायचे.

हे यान कागदात इतके चांगले का उतरते, याचे कारण खऱ्या यानातच आहे. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे त्याला पक्ष्यासारखा गुळगुळीत आकार लागत नव्हता. ते कोन आणि सपाट बाजूंचे बनले. वजन कमी करण्यासाठी ग्रमन कंपनीच्या अभियंत्यांनी त्याचा ॲल्युमिनियमचा पत्रा इतका पातळ केला की केबिनच्या भिंतीची जाडी काही ठिकाणी मिलिमीटरच्या एक तृतीयांशाहून कमी होती. माझ्या कपाटावरचे चांद्रयान ज्या कार्डशीटचे आहे, तेही जवळपास तेवढेच जाड आहे. माणूस चंद्रावर उतरला तो कार्डशीटएवढ्या भिंतीच्या आत बसून, नव्हे, उभा राहून. कारण वजन वाचवण्यासाठी खुर्च्याही काढून टाकल्या होत्या. आणि बांधणीआधी याच अभियंत्यांनी त्याच्या पूर्ण आकाराच्या लाकडी प्रतिकृती केल्या होत्या. प्रतिकृती करणे हे पोरांचे काम असेल, तर ग्रमनचे अभियंतेही पोरेच म्हणायला हवीत.

जपानचे कोर्यो मिउरा यांचे उदाहरण याहून बोलके आहे. एका कोपऱ्याला ओढले की सगळा कागद एकदम उघडतो, अशी घडी त्यांनी शोधली. तिला त्यांचेच नाव आहे. १९९५ मध्ये जपानने सोडलेल्या ‘स्पेस फ्लायर युनिट’ या यानावर अशा घडीचा सौरपत्रा अंतराळात उघडून पाहण्यात आला.

आज नासाची जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी आपल्या यानांचे कागदी तक्ते कोणालाही फुकट देते. माझे व्हॉयेजर तिथलेच. एक रंगीत प्रत छापायला लागतील तेवढेच पैसे.

आपले कागजी

आता दुसऱ्या गैरसमजाकडे येतो.

आपल्या समाजात जलसा असो की शाळेचा कार्यक्रम, विज्ञानाचा विषय निघाला की अब्बास इब्न फिरनासचे नाव येतेच. नवव्या शतकात कोर्दोबा शहरात त्याने पिसांचे पंख बांधून उडण्याचा प्रयत्न केला, असे अल-मक्करी या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. चंद्रावरच्या एका विवराला त्याचे नाव आहे. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण तीच नोंद पुढे सांगते की उतरताना तो जखमी झाला, कारण पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतो हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. शिवाय अल-मक्करी सतराव्या शतकातला, म्हणजे घटनेनंतर सुमारे आठशे वर्षांनी लिहिणारा. भाषणांतून या दोन्ही गोष्टी गाळल्या जातात. मला मात्र शेपटीचीच गोष्ट मोलाची वाटते. वर्गात मी मुलांना पुठ्ठ्याचे एक साधे विमान करायला सांगतो, ते उडवायला लावतो आणि मग शेपूट कापून पुन्हा उडवायला लावतो. विमान नाकावर आपटते. इब्न फिरनास आणि पेनो यांच्यामधली एक हजार वर्षे मुलांना त्या एका फेकीत समजतात.

नावाचा अभिमान बाळगणारा हाच समाज कारागिराला कोणती जागा देतो? महाराष्ट्राचेच पाहा. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचे गाव आहे. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या कारागिरांनी तिथे कागद सुरू केला असे सांगितले जाते. हाताने कागद बनवण्याचे काम तिथे आपल्या काळापर्यंत चालत आले. दौलताबादी आणि जुन्नरी कागदाची नावे मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहेत. मराठी राज्यकारभाराच्या नोंदी ज्या कागदावर राहिल्या, तो बनवणाऱ्यांत मुस्लिम कागजी होते. चिंध्या कुजवणे, कुटणे, लगदा चाळणीवर समान पसरवणे, वाळवणे, दगडाने घोटणे, ही सगळी पदार्थविद्याच आहे. पण लग्नाची बोलणी निघाली की ‘वो लोग कागजी हैं’ हे वाक्य कोणत्या सुरात उच्चारले जाते, ते वाचकांना मी सांगायला नको. अत्तार, मोमीन, पिंजारी, छप्परबंद, सगळ्यांचा अनुभव तोच. सय्यद-शेख म्हणवणाऱ्यांच्या घरात इब्न फिरनासची तसबीर चालते, कागजीची मुलगी चालत नाही.

ताबुतांचेही तसेच. मुहर्रमचे ताबूत म्हणजे कर्बलाच्या रौजाची बांबू आणि रंगीत कागदातली प्रतिकृती. ते करावेत की नाही यावर उलेमांमध्ये तीव्र मतभेद आहेत, आणि त्या वादात मी इथे पडत नाही. मी फक्त कारागिरी पाहतो. कामट्यांचा सांगाडा, त्यावर कागद, मजल्यावर मजला, वर घुमट. घुमट गोल, म्हणजे पुन्हा फाकी जोडणे आले. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत हे काम मुस्लिम आणि हिंदू हातांनी मिळून केले. युरोपात हीच कला छापील तक्त्यावर गेली, तिला नाव, किंमत आणि मासिक मिळाले. आपल्याकडे ती उस्तादाबरोबर कबरस्तानात गेली, कारण तिचा तक्ता कोणी लिहून ठेवला नाही. ज्यांना लिहिता येत होते त्यांना कारागिराशेजारी बसण्यात कमीपणा वाटत होता, आणि कारागिराच्या मुलाला लिहायला शिकवायला कोणी वेळेवर पोहोचले नाही.

वर्गात काय दिसते

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चे ‘विक्रम’ चंद्रावर उतरले. दुसऱ्या दिवशी सातवीच्या मुलांनी विक्रम करायचाच असा हट्ट धरला. तयार तक्ता हाताशी नव्हता. मग वर्तमानपत्रातली चित्रे पाहून मुलांनीच खोकी, चार पाय आणि ‘प्रज्ञान’ खाली उतरायची उतरण आखली. खोके उलगडल्यावर कसे दिसेल, हे वर्गात सगळ्यांत आधी एका मुलीला कळले. तिची अम्मी घरी शिलाईकाम करते. बाही म्हणजे कापडाचे उलगडलेले नळकांडे, आणि शिलाईसाठी बाजूला थोडी जादा पट्टी सोडायची असते, हे तिने लहानपणापासून पाहिले होते. गोंद लावायच्या पट्ट्या कुठे सोडायच्या, ते तिने सगळ्यांना दाखवले. गणितात तिला कधी चांगले गुण नव्हते. ती भूमिती करीत होती, पण तिला किंवा आम्हाला कोणालाच ते भूमिती म्हणून ओळखायची सवय नव्हती.

मी भाषेचा शिक्षक, म्हणून पुढचे काम भाषेचे दिले. प्रत्येक गटाने आपली कृती आधी उर्दूत आणि मग मराठीत लिहायची, आणि ती दुसऱ्या गटाने वाचून तसेच यान करायचे. पाय उलटे बसले तर वाक्य दुरुस्त करायचे. ‘आत मोडा’ आणि ‘मागे मोडा’ यातला फरक मुलांना व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा या कामातून लवकर कळला. त्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. ताबुताच्या उस्तादांकडून जे लिहून घ्यायचे राहिले, त्याची सुरुवात निदान कुठेतरी झाली.

काही पालक तक्रार करतात. एका अब्बांनी विचारले, “पढाई छोडके कागज काट रहा है, इससे नोकरी लगेगी क्या?” प्रश्न खोटा नाही. ज्या घरात एका पगारावर सहा माणसे आहेत, तिथे छंद हा शब्द परका वाटतो. मी त्यांना एवढेच सांगितले की कागद कापणे हीदेखील पढाई आहे. मोजमाप आहे, आराखडा वाचणे आहे, पंचवीस भाग जुळेपर्यंत एका जागी बसणे आहे. आयटीआयमध्ये किंवा इंजिनिअरिंगला गेल्यावर त्याला आराखड्याची भीती वाटणार नाही. नोकरीची हमी मी देऊ शकत नाही, आणि दिलीही नाही. ते ऐकून घेऊन गेले. मुलगा शनिवारी येत राहिला.

ज्यांना हे करून पाहायचे आहे त्यांनी सोप्या विमानापासून सुरुवात करावी. साधारण १६० ते २०० जीएसएमचे कार्डशीट घ्यावे, मोडायच्या रेषेवरून आधी संपलेल्या बॉलपेनचे टोक पट्टीने ओढून घ्यावे, गोंद अगदी थोडा लावावा. कापायच्या आधी तक्ता पूर्ण वाचावा. आणि मोहल्ल्यात एखादे जुने ताबूत करणारे, पतंगवाले किंवा शिलाई करणाऱ्या बाजी असतील, तर त्यांना एका शनिवारी शाळेत बोलवावे. खुर्ची पाहुण्यासाठी ठेवतो तीच द्यावी, आणि मुलांना वही-पेन घेऊन त्यांच्यासमोर बसवावे.